शिटी वाजली की रांगेत

संध्याकाळी मैदानावर शिटी वाजली की विटीदांडू तिथंच टाकून मुलंमुली धावत यायची आणि उंचीप्रमाणे रांगेत उभी राहायची. झेंडावंदन, कवायत, लेझीम, मग दमछाक होईपर्यंत खेळ. शेवटी गोल करून गाणी आणि एखादी गोष्ट. शेजारी उभा असलेला मुलगा कुठल्या आळीतला, हे शाखानायक विचारत नसे. दोन-चार महिन्यांत मुलंही ते विचारेनाशी व्हायची. राष्ट्र सेवा दलाने महाराष्ट्राला काय दिलं, याचं माझं उत्तर या तासाभरापासून सुरू होतं.

4 जून 1941 रोजी पुण्यात दलाची रीतसर उभारणी झाली. एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये ही मंडळी सोबत होतीच. धर्माच्या नावाने तरुणांना गोळा करणाऱ्या संघटना तेव्हा जोमात होत्या. नुसती टीका करून त्यांना उत्तर मिळणार नाही, मुलांमध्ये रोज जाऊन बसावं लागेल, हे या माणसांनी ओळखलं. सव्वा वर्षातच बेचाळीसचं आंदोलन पेटलं आणि शाखेत घडलेली कितीतरी पोरं भूमिगत झाली. साताऱ्याच्या प्रतिसरकारातही सेवादलाचे तरुण होते.

पण दलाची खरी कसोटी मला वाटतं पंढरपूरने पाहिली. विठ्ठलाचं दार हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी गावोगाव हिंडले. सोबत सेवादलाचं कलापथक होतं. ज्या गावात भाषण ऐकायला कुणी जमलं नसतं, तिथं डफावर थाप पडली की पारावर गर्दी व्हायची, आणि गाण्यातून विषय घराघरांत जायचा. 1 मे 1947 ला गुरुजी उपोषणाला बसले, तनपुरे महाराजांच्या मठात. अखेर उपोषण सुटलं, मंदिरही खुलं झालं. त्या दौऱ्यात राबलेली मुलं वयाने विशी-पंचविशीतली. विरोध, शिव्या, उपासमार हे सारं त्यांनी सोसलं. इतिहासात त्यांची नावं सहसा येत नाहीत, याची मला खंत वाटते.

स्वातंत्र्यानंतर कलापथक बहरलं. वसंत बापट, लीलाधर हेगडे, सुधा वर्दे यांच्यासारखी माणसं त्यात होती. पु. ल. देशपांड्यांचं ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य कलापथकाने गाजवलं. निळू फुले यांचा अभिनयही इथंच घडला. तेव्हा ते पुण्यात माळी म्हणून नोकरी करत. पगार ऐंशी रुपये, आणि त्यातले दहा रुपये महिन्याला सेवादलाला! असे दहा-दहा रुपये हाच दलाचा मोठा आधार होता. शाखेतून निघालेल्यांनी पुढे आपापल्या वाटेने कामं उभी केली. हेगड्यांनी सांताक्रूझला साने गुरुजी आरोग्य मंदिर, तर डॉ. दादा गुजर यांनी हडपसरला साने गुरुजी रुग्णालय.

समाजवादी पक्षांच्या फाटाफुटीत दलाचेही हाल झाले. चांगले कार्यकर्ते राजकारणाने ओढून नेले, शाखा विरळ झाल्या, संध्याकाळच्या मैदानांवर इमारती आल्या. शिबिरं, श्रमदान, अभ्यासवर्ग चालू राहिले, पण रोजची शिटी बऱ्याच गावांत थांबली. हे नुकसान कुठल्याही वार्षिक शिबिराने भरून येणारं नव्हतं.

अशा पडत्या काळातच 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली, कितीतरी लेकरं उघड्यावर पडली. मदतीचे ट्रक आले आणि परत गेले. या मुलांना मात्र कपडे आणि धान्याच्या पलीकडचं काही हवं होतं. सेवादलाने नळदुर्गजवळ त्यांच्यासाठी घर बांधलं, नाव ठेवलं ‘आपलं घर’. पन्नालाल सुराणा यांनी त्यासाठी आयुष्याची पुढची वर्षं दिली. उतारवयातही ते मुलांच्या सोबत तिथंच राहिले.

संध्याकाळच्या तासाभराची संघटना इथं चोवीस तासांचं घर झाली. सकाळचं दूध कुणाला मिळालं, कुणाला ताप आहे, कुणाचं गणित कच्चं आहे, कोण रात्री दचकून उठतं, हे सगळं आता बघायचं होतं. अनुदान आणि देणग्यांचा मेळ घालताना कार्यकर्त्यांच्या नाकी नऊ येत, पण घर चालू राहिलं. भूकंपातली मुलं शिकली, मोठी झाली, कामाला लागली. त्यांच्या जागी दुसरी आली. कुणाच्या शेतकरी बापाने कर्जापायी आत्महत्या केलेली, तर कुणाला आई-बाप दोन्ही नाहीत. नवं पोर पहिल्या दिवशी कोपऱ्यात पेटी धरून बसतं. मग जेवणाची वेळ होते, पंगत बसते आणि शेजारचं पोर सरकून त्याला जागा करून देतं.