राष्ट्रीय उद्यानातील शालेय सहली आणि आगाऊ नोंदणी : योसेमिटीच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
राष्ट्रीय उद्यान ही सर्व नागरिकांची सामाईक संपत्ती मानली जाते. तथापि शाळेचा एखादा वर्ग तेथे प्रत्यक्ष पोहोचतो की नाही, हे मार्गदर्शक, तारीख, शुल्क आणि वाहन या चार बाबींवर ठरते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या आधारे या व्यवस्थेच्या विकासाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निसर्ग-मार्गदर्शनाचा प्रारंभ :
योसेमिटीत १९१३ मध्ये मोटारींना प्रवेश मिळाला व १९१६ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसची स्थापना झाली. तिचे पहिले संचालक स्टीफन मॅथर यांच्या प्रोत्साहनाने हॅरल्ड ब्रायंट व लॉय मिलर यांनी १९२० मध्ये तेथे मोफत निसर्ग-मार्गदर्शन सुरू केले. त्यांचा श्रोतृवर्ग प्रामुख्याने सुटीत आलेल्या पर्यटकांचा होता. शाळेचा वर्ग हा घटक अद्याप व्यवस्थेच्या केंद्रस्थानी नव्हता.

वर्ग हा घटक :
फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ मध्ये ‘इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज’ या ग्रंथात मुलांसाठीचे निरूपण हे प्रौढांसाठीच्या निरूपणाची सौम्य आवृत्ती नसून त्याची पद्धतच मूलतः वेगळी असावी, असे तत्त्व मांडले. १९७१ मध्ये योसेमिटी इन्स्टिट्यूटची स्थापना होऊन विद्यार्थ्यांसाठी निवासी शिक्षणक्रम सुरू झाले. मुक्कामाच्या जागा व शिक्षक मर्यादित असल्याने अशा शिक्षणक्रमांना आगाऊ नोंदणी अपरिहार्य ठरते.

शुल्कमाफी आणि तिच्या मर्यादा :
२००४ च्या संघीय कायद्यानुसार शाळांच्या बिगर-व्यावसायिक शैक्षणिक सहलींना प्रवेशशुल्क आकारता येत नाही. मात्र त्यासाठी शाळेला अर्जासोबत संस्थेच्या मान्यतेचा पुरावा व भेटीचा शैक्षणिक हेतू द्यावा लागतो. केवळ करमणुकीची सहल या सवलतीस पात्र नसते. यामुळे सहलीला अभ्यासक्रमात प्रतिष्ठा लाभली, तसेच शिक्षकावर कागदपत्रांचा भारही आला. शिवाय ही माफी प्रवेशापुरतीच आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून योसेमिटी सुमारे ३०० कि.मी. अंतरावर आहे, बस आणि मुक्काम यांचा खर्च शाळेलाच उभारावा लागतो.

२०१५ मध्ये बराक ओबामा यांच्या प्रशासनाने इयत्ता चौथीच्या मुलांसाठी मोफत प्रवेशपत्राची योजना आणली. २०१९ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला. जेथे वाहनामागे शुल्क आहे, तेथे हे प्रवेशपत्र मुलासोबत खाजगी मोटारीतील सहप्रवाशांनाही लागू होते. पण ज्या कुटुंबाकडे मोटारच नाही, त्याला या सवलतीचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच. म्हणूनच नॅशनल पार्क फाउंडेशनने शाळांना वाहतुकीसाठी अनुदाने दिली, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

समारोप :
मार्गदर्शन, अभ्यासक्रम आणि प्रवेशशुल्क हे तीन अडथळे शतकभरात बऱ्याच अंशी दूर झाले. अंतराचा अडथळा मात्र कायम राहिला. नोंदणीच्या अर्जावर सर्व शाळा समान दिसतात, परंतु बसचे भाडे त्यांच्यातील विषमता उघड करते. सामाईक संपत्तीवरील हक्क केवळ प्रवेशद्वार खुले करून पूर्ण होत नाही. तेथवर पोहोचण्याचे साधन पुरविणे हाही त्या हक्काचाच भाग होय, हे या इतिहासातून स्पष्ट होते.