पाणचक्कीचा हिशेब

विजेचं बिल हातात पडलं की हल्ली घराघरात एकच चर्चा सुरू होते. छतावर सौर पॅनल बसवायचे का? खर्च किती, तो वसूल कधी होणार? प्रश्न नवा वाटतो, पण ऊन, वारा, पाणी फुकट आणि ते पकडणारं यंत्र महाग, हा पेच शेकडो वर्षं जुना आहे.

इराण आणि अफगाणिस्तानच्या सीमेवरच्या सीस्तानात उन्हाळ्यात सुमारे 120 दिवस सोसाट्याचा वारा वाहतो. तिथल्या पवनचक्क्यांची नोंद दहाव्या शतकातल्या मसूदी आणि इस्तख्री या अरबी भाषेत लिहिणाऱ्या लेखकांनी केली आहे. मातीच्या उंच भिंती, मध्ये उभा खांब, त्याला जोडलेली पाती. खुरासानातल्या नश्तीफान गावात अशा चक्क्या आजही उभ्या आहेत.

आपल्याकडचं उदाहरण औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात सन 1744 च्या सुमारास पाणचक्की उभी राहिली. शहराबाहेरच्या डोंगरातलं झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून काही किलोमीटर आणलं गेलं. ते एका उंच मनोऱ्यात चढवून तिथून हौदात सोडलं जाई. त्याच पाण्याच्या जोरावर खाली लोखंडी पात्यांचं चाक फिरे आणि जातं चाले. पीठ जाई ते दर्ग्यातल्या फकिरांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि यात्रेकरूंच्या जेवणाला. ना बैल, ना वेठबिगार.

पर्यटक इथे हौदातले मासे बघतात, फोटो काढतात आणि निघून जातात. या वास्तूमागचा हिशेब मात्र कुणी विचारत नाही. नहर खोदायला, नळ भाजायला, मनोरा बांधायला मोठी रक्कम लागली असणार. एकट्या फकिराला ती झेपली नसती. दर्ग्याला मानणाऱ्या सरदारांनी तो खर्च उचलला. पहिला खर्च एकदाच झाला, पीठ मात्र पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहिलं.

वाऱ्यावर घराचे दिवे लावण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी एक स्कॉटलंडमधला. ग्लासगोचे प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी 1887 साली मेरीकर्क गावात आपल्या सुट्टीतल्या घराच्या बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभारली. त्यातली वीज बॅटरीत साठवून ते दिवे लावत. उरलेल्या विजेवर गावचा रस्ता उजळावा, असं त्यांनी सुचवलं. गावकऱ्यांनी नकार दिला. त्यांना ही वीज सैतानाची करणी वाटली. यंत्र चांगलं होतं, पण ते एकट्याचंच राहिलं. पाणचक्की मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या भाकरीशी जोडलेली होती.

आज सौर वीज घेणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या संचासाठी 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. एक किलोवॉटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला साधारण 4 युनिट वीज देतो. दिवसा जास्तीची वीज ग्रिडला द्यायची आणि रात्री लागेल ती परत घ्यायची, ही नेट मीटरिंगची सोय. पण याचा फायदा स्वतःचं छत असलेल्यालाच. चाळीतल्या, मोहल्ल्यातल्या भाडेकरूनं काय करायचं? बिलाचा चटका सर्वात जास्त त्यालाच बसतो.

आपल्याकडे मशिदी आहेत, मदरसे आहेत, शाळा आणि वसतिगृहं आहेत. त्यांची छतं दिवसभर उन्हात तापत असतात. त्यावर पॅनल बसवायला लोकांनी एकत्र येऊन पैसे उभे केले, तर वाचलेल्या बिलातून एखाद्या मुलीची फी भरता येईल, एखाद्या अभ्यासिकेचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळतील.

पाणचक्की आपल्या पूर्वजांची म्हणून अभिमान बाळगणं सोपं आहे. तिच्यासारखा पहिला खर्च मिळून उचलणं अवघड आहे. खरा वारसा तोच.