जुन्या वर्तमानपत्रांतला वऱ्हाड

बुलढाण्यास १८८०-८२ च्या सुमारास पुण्याच्या वर्तमानपत्रांतील मजकूर वाचला जात होता, ही गोष्ट वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. रेल्वेने कल्याण, भुसावळ करीत मलकापूर, आणि तेथून पुढे घाट चढून बुलढाणा. म्हणजे अंक हाती पडेपर्यंत बातमी शिळीच झालेली असणार. परंतु अशाच एका शिळ्या मजकुराने मराठीतील एका अपूर्व पुस्तकाला जन्म दिला. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेस, आपले नवजात मूल मारल्याच्या आरोपावरून १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. ह्या खटल्याचे निमित्त करून 'पुणेवैभव' पत्राने एकंदर स्त्रीजातीच्याच नीतीवर तोंडसुख घेतले. त्याला खणखणीत उत्तर आले ते आमच्या वऱ्हाडातून. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतील हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद बापूजी हरी शिंदे यांची कन्या ताराबाई हिने 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली आणि ती १८८२ साली पुण्यात छापून प्रसिद्ध झाली.

आता श्रोत्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'स्त्रीपुरुषतुलना' आज कोणालाही मिळू शकते. तिच्यावर व्याख्याने होतात, परीक्षेत प्रश्न येतात. पण ती एका भांडणातली एक बाजू आहे. समोरची बाजू वर्तमानपत्रात आहे, आणि ते वाचल्यावाचून ताराबाईंचा संताप कोठे अतिरेकी आणि कोठे केवळ तोडीस तोड आहे, हे ठरविता येत नाही. पुस्तके जपून ठेवण्याची आपणांस थोडीबहुत सवय आहे. वर्तमानपत्र मात्र दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानात जिरे-मोहरीच्या पुडीला जाते. त्यामुळे आपल्या समाजाच्या वादविवादांची उत्तरे तेवढी उरली आणि प्रश्न रद्दीत गेले, असे पुष्कळदा घडले आहे. ह्या पुस्तकाचेही नशीब फारसे निराळे नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सारा'त ताराबाईंची बाजू घेतली. पुढे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापले तेव्हा कोठे महाराष्ट्राला त्याची ओळख झाली. एखाद्या लेखनाविषयी पत्रे काय बोलली, याइतकेच ती काय बोलली नाहीत हेही इतिहासकाराने पाहावे लागते. मात्र मौनाचा पुरावा मांडताना हात आखडता ठेवावा. अंक गप्प होता की अंकच नाहीसा झाला, हे आधी तपासावे.

वऱ्हाडात छापखाना तसा उशिराच रुजला. मुंबईस बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ च्या जानेवारीत निघाले, तेव्हा आमचा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभारात आला. पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ असे यादवी युद्ध झाले, लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकदम सोन्याचा भाव आला. रेल्वे १८६७ पर्यंत नागपूरला भिडली. खामगावचा फाटा १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी येऊन खुला केला. कापूस, रेल्वे, तारायंत्र, कोर्टकचेऱ्या आणि शाळा ही सगळी एकमेकांचे बोट धरून आली आणि त्यांच्या मागोमाग अकोल्याचे 'वऱ्हाड समाचार', अमरावतीचे 'प्रमोदसिंधु' अशी पत्रे आली. हा क्रम ध्यानात ठेवला म्हणजे ह्या पत्रांचा वाचक कोण होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

जुनी फाईल हाती येताच नवशिका अभ्यासक अग्रलेखाकडे धावतो. आम्हीही धावलो. पुष्कळ दिवसांनी समजले की अग्रलेखात संपादकाला समाज कसा असावा असे वाटत होते ते कळते. तो कसा होता ते शेवटच्या पानावर. तेथे कापसाचे भाव आहेत, जप्तीच्या आणि लिलावाच्या नोटिसा आहेत, शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिराती आहेत, वर्गणी थकविणाऱ्यांना काढलेले चिमटे आहेत. लिलावाच्या नोटिसा एका वर्षाच्या ओळीने वाचाव्यात. कोणाचे शेत कोणाकडे गेले याचा हिशेब कोणत्याही भाषणापेक्षा त्यांत अधिक स्पष्ट दिसतो.

१८९७ हे एकच साल घ्या. आदल्या वर्षापासून दुष्काळ पडलेला. त्याच साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. कारंज्याच्या बाजाराला १८८६ सालीच नियम लागू झाले होते. ते आता सर्वत्र लागू करावयाचे होते. वजनमापे, दलाली, अडत, नाना प्रकारच्या कपाती यांना काही बंधन असावे हा त्याचा हेतू; आणि हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारांचा आरंभ ह्या कायद्यापासून धरतात. सप्टेंबरात 'केसरी'तील लिखाणाबद्दल टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. आणि डिसेंबरात अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष आमचे दादासाहेब खापर्डे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ह्या गोष्टी चार निरनिराळ्या प्रकरणांत आढळतात. वर्तमानपत्राच्या वाचकापुढे त्या एकाच पानावर, शेजारशेजारच्या रकान्यांत येत असत. दुष्काळी कामावर खडी फोडणारा माणूस आणि अधिवेशनाच्या मंडपाची वर्गणी देणारा माणूस एकाच जिल्ह्यात, एकाच आठवड्यात वावरत होते, ही जाणीव फाईल चाळताना होते तशी दुसऱ्या कशाने होत नाही. हल्ली पुष्कळ जुन्या अंकांच्या छायाप्रती संगणकावर मिळतात. शब्द टाकावा आणि नेमके कात्रण पुढे यावे. सोय मोठी आहे. पण शेजारचा रकाना मग कोणी वाचत नाही.

येथे एक दुखणे सांगितल्यावाचून राहवत नाही. एका जुन्या वाचनालयात आम्ही मासिकांची बांधीव वर्षे पाहावयास गेलो होतो. कातडी पाठ, सोनेरी अक्षरे, सगळे कसे नीटनेटके. उघडून पाहतो तो मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने एकाही अंकाला नाहीत. बांधणाऱ्याने ती निरुपयोगी म्हणून काढून टाकली होती, आणि तसे करण्यास त्याला सांगणारेही कोणी शहाणेच असणार. साहित्य राहिले, पण त्या वेळी साबणाची वडी काय भावाने मिळे, शिवणयंत्र हप्त्याने कोण विकत होते, स्त्रियांसाठी म्हणून काय खपविले जात होते, हे सगळे गेले.

दुसरा साक्षीदार सरकार. सरकारने देशी पत्रांवर नजर ठेवण्यासाठी त्यांच्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे तयार करविले आणि पत्रांच्या खपाचे आकडेही टिपून ठेवले. विनोद असा की ज्या अंकांचा मूळ कागद आज राहिलेला नाही, त्यांतले काही शब्द केवळ संशयी अधिकाऱ्यांच्या कृपेने वाचले. परंतु गोषवारा करणारा राजद्रोह शोधीत होता. त्याला जे बोचले तेच त्याने टिपले. केवळ ह्या अहवालांवर भिस्त ठेवली तर सगळी मराठी पत्रे अष्टौप्रहर सरकारशीच भांडत होती असे वाटेल. खपाच्या आकड्यांचेही तसेच. १९०१ साली अवघ्या हिंदुस्थानात शंभरांत जेमतेम पाचजणांना लिहितावाचता येत होते. पण चावडीवर एकाने वाचावे आणि वीसजणांनी ऐकावे ही रीत होती. खप शे-दोनशे असला म्हणून ऐकणारे तितकेच होते असे समजण्याचे कारण नाही.

आणि ज्यांना चावडीवर बसूच देत नव्हते त्यांचे काय? डॉ. आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ च्या एप्रिलात 'बहिष्कृत भारत' काढले ते ह्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. अंबादेवीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे हा तिच्यापुढचा प्रश्न. सत्याग्रहाची तयारी होती, पण तडजोडीला अवधी द्यावा म्हणून तो पुढे ढकलला गेला. ह्या एका प्रसंगाचा अभ्यास करावयाचा तर परिषदेच्या बाजूचे पत्र, गावातील प्रतिष्ठितांची पत्रे आणि दादासाहेब खापर्ड्यांची दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असलेली रोजनिशी अशी सगळी कागदपत्रे समोर मांडावी लागतील. आमचा अनुभव असा की बातमीतील घटनेपेक्षा तिच्यातील विशेषणे अधिक बोलकी असतात. एकाच माणसाला एक पत्र 'पुढारी' म्हणते, दुसरे 'चळवळ्या' म्हणते, तिसरे त्याचे नावच छापीत नाही. 'बहिष्कृत भारता'चे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली पुन्हा छापले, म्हणून ती बाजू आज हाताशी आहे. त्यांना विरोध करणारी लहानसहान स्थानिक पत्रे मिळविणे अधिक कठीण झाले आहे, हा काळाचा एक वेगळाच न्याय म्हणावयाचा.

अकोला जिल्ह्यातील एका खेड्यातून एक वृद्ध शेतकरी काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक गाठोडे घेऊन आले. घर पाडताना माळ्यावर सापडलेले. आत खातेवह्या, पंचांगे, आणि त्यांना वेष्टन म्हणून लावलेली वर्तमानपत्राची काही पाने. पत्राचे नाव फाटून गेलेले, सालही नाही. पण कापसाच्या भावाचा रकाना शाबूत. त्या छापील भावाच्या शेजारी, कोऱ्या जागेत, कोणीतरी बोरूने मोडीत तीन ओळी लिहिल्या होत्या. पहिलीत अडत, दुसरीत कडता, आणि तिसरीत हाती आलेला भाव. तो छापील भावापेक्षा बराच कमी होता. वृद्ध गृहस्थांनी अक्षर ओळखले नाही. आजोबांचे असेल, म्हणाले, किंवा आजोबांच्या भावाचे. दोघांनाही मोडी येत होती.