परदेशातील कायदेशीर गांजासेवन आणि सरकारी नोकरीची पात्रता

ज्या देशात किंवा घटकराज्यात गांजाचे सेवन कायद्याने मान्य आहे, तेथे ते केलेल्या व्यक्तीस पुढे सरकारी नोकरी मिळू शकते काय, हा प्रश्न एकविसाव्या शतकात अनेक देशांच्या सेवाप्रवेश नियमांपुढे उभा राहिला. उरुग्वेने २०१३ मध्ये, कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून आणि जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांच्या गांजासेवनाला मर्यादित स्वरूपात मान्यता दिली. (नेदरलँड्समध्ये गांजा कायदेशीर आहे हा समज मात्र बरोबर नाही. तेथे ठरावीक दुकानांतील किरकोळ विक्रीवर कारवाई केली जात नाही, एवढेच.) हा प्रश्न सर्वांत तीव्र झाला तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, कारण तेथे घटकराज्ये आणि संघीय सरकार यांचे कायदे परस्परविरोधी आहेत.

== अमेरिकेतील पार्श्वभूमी ==

१९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याने गांजाला पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक अनुसूचीत स्थान दिले. १५ सप्टेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी कार्यकारी आदेश क्रमांक १२५६४ काढला. संघीय कर्मचाऱ्याने कामावर असताना आणि कामाबाहेरही बेकायदा अमली पदार्थांपासून दूर राहावे, असे बंधन त्याने घातले. पुढे कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये औषधी वापर आणि कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये सर्वसाधारण वापर मतदानाने मान्य केला. संघीय कायदा मात्र त्याबरोबर बदलला नाही. त्यामुळे डेन्व्हरमधील दुकानातून पावती घेऊन केलेली खरेदी राज्याच्या दृष्टीने वैध आणि संघीय सेवेच्या दृष्टीने अवैध, अशी स्थिती निर्माण झाली. कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयाने २०१५ मध्ये परिपत्रक काढून राज्याचा कायदा ही सबब चालणार नाही, हे स्पष्ट केले.

== भूतकाळातील सेवन आणि चालू सेवन ==

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भेद हा आहे आणि सामान्य चर्चेत तोच बहुधा सुटतो. याच कार्यालयाच्या फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शनानुसार पूर्वी केव्हातरी गांजा ओढला म्हणून उमेदवार आपोआप अपात्र ठरत नाही. सेवन किती पूर्वीचे, कोणत्या परिस्थितीतले आणि पदाच्या कामाशी त्याचा संबंध काय, हे प्रत्येक प्रकरणात तपासावयाचे असते. नोकरीत असताना चालू असलेले सेवन मात्र शिस्तभंगास पात्र राहते. त्याच वर्षी मार्च महिन्यात व्हाइट हाउसमधील पाच कर्मचाऱ्यांना पूर्वीच्या गांजासेवनाच्या चौकशीनंतर पद सोडावे लागल्याचे जाहीर झाले, तेव्हा नियमांची ही नवी सौम्यता सर्वत्र सारखी नाही हे दिसून आले.

फेडरल ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन या तपास यंत्रणेचा नियम प्रस्तुत विषयाला थेट भिडतो. अर्जाच्या तारखेपूर्वीच्या एका वर्षात उमेदवाराने कोणत्याही स्वरूपात आणि कोणत्याही ठिकाणी, देशात वा परदेशात, गांजा घेतलेला नसावा, असे तो सांगतो. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. ती २०२१ मध्ये कमी करण्यात आली. संगणकतज्ज्ञांच्या भरतीत जुना नियम आड येतो, अशी अडचण संचालक जेम्स कोमी यांनी २०१४ मध्येच जाहीरपणे बोलून दाखविली होती. वयाच्या अठराव्या वर्षापूर्वीचे सेवन अपात्रतेचे कारण धरले जात नाही.

== सुरक्षा-मंजुरी ==

गोपनीय माहिती हाताळण्यासाठी लागणारी सुरक्षा-मंजुरी, म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्स, ही वेगळी पायरी आहे. २००८ च्या बाँड दुरुस्तीनुसार अमली पदार्थाचा बेकायदा वापर करीत असलेल्या व्यक्तीला ती देता येत नाही. उमेदवाराला एसएफ-८६ हा दीर्घ नमुना भरावा लागतो. त्यात गेल्या सात वर्षांतील सेवन विचारलेले असते आणि घटकराज्याच्या कायद्याने ते मान्य असले तरी उत्तर संघीय कायद्याप्रमाणेच द्यावे, अशी सूचना असते. खरे उत्तर फौजदारी खटल्यात उमेदवाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाणार नाही, अशी हमी याच प्रश्नासोबत दिलेली आहे. याउलट, जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा पाच वर्षांपर्यंत कारावासास पात्र गुन्हा आहे. त्यामुळे सेवनापेक्षा त्याविषयी बोललेले असत्य उमेदवाराला अधिक महाग पडू शकते.

राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक ॲव्हरिल हेन्स यांच्या डिसेंबर २०२१ च्या मार्गदर्शनात पूर्वीचे सेवन विचारात घ्यावे, पण तेवढ्यावरून निर्णय करू नये, असे म्हटले आहे. नमुन्यावर सही केल्यानंतर सेवन टाळावे, असेही त्यात सुचविले आहे.

== लघवीची चाचणी ==

संघीय चाचणीत गांजातील टीएचसी या द्रव्याचे शरीरात उरलेले रूप शोधले जाते. प्राथमिक चाचणीची मर्यादा दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम आणि खातरजमेच्या चाचणीची १५ नॅनोग्रॅम आहे. ते रूप क्वचित सेवन करणाऱ्याच्या शरीरात काही दिवस, तर नित्य सेवन करणाऱ्याच्या शरीरात काही आठवडे टिकते. म्हणजे चाचणी नशेचे नव्हे, तर पूर्वीच्या सेवनाचे माप घेते आणि सेवन कोठे झाले हे तिला कळत नाही. कॅनडातील सुट्टीहून परतलेल्या कर्मचाऱ्याची खरी अडचण येथे आहे.

स्वतः कॅनडाने आपल्या सैन्यात सरसकट बंदीऐवजी वेळेची मर्यादा घातली: कर्तव्यापूर्वी ८ तास, शस्त्र हाताळण्यापूर्वी २४ तास आणि विमानोड्डाणासारख्या कामांपूर्वी २८ दिवस.

== भारतीय नागरिक ==

भारतात अमली औषधिद्रव्ये आणि मनःप्रभावी पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस) लागू आहे. त्याच्या व्याख्येत ‘गांजा’ म्हणजे वनस्पतीचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने तीत येत नाहीत. म्हणूनच भांग या अधिनियमाबाहेर राहते. तिच्यावरील नियंत्रण राज्यांच्या कायद्यांकडे असते आणि महाराष्ट्रात ते १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली आहे. गांजाच्या सेवनासाठी कलम २७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परदेशी शिकावयास जाणाऱ्यांना सहसा ठाऊक नसलेली तरतूद कलम १ मध्ये आहे. २००१ च्या दुरुस्तीने हा अधिनियम भारताबाहेरील भारतीय नागरिकांनाही लागू केला. टोरंटोमध्ये वैध असलेले सेवन भारतीय पारपत्रधारकासाठी त्यामुळे आपोआप निर्दोष ठरत नाही. अर्थात, देशाबाहेर घडलेल्या गुन्ह्याची चौकशी वा खटला येथे चालविण्यास केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते.

केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम २२ वेगळ्या शब्दांत बोलतो. कर्मचारी ज्या प्रदेशात त्या वेळी असेल, तेथील मादक पेये व द्रव्यांविषयीच्या कायद्याचे त्याने काटेकोर पालन करावे, आणि कामावर असताना अशा पदार्थाच्या अमलाखाली असू नये, असे तो म्हणतो. केवळ या नियमावर बोट ठेवून परदेशातील सेवन निर्धोक मानणे चुकीचे होईल, कारण वर सांगितलेला अधिनियम नागरिकाच्या पाठोपाठ सीमेपलीकडे जातो.

नोकरीत प्रवेश करताना भरावयाच्या साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, दंड व शिक्षा यांची माहिती मागितलेली असते. परदेशात अशी कारवाई झाली असल्यास ती नोंदविणे हिताचे असते. माहिती दडविण्याचे परिणाम कोणत्या कसोट्यांवर ठरवावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग विरुद्ध भारत संघ (२०१६) या निकालात विशद केले आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीयांपुढे आणखी एक अडथळा येतो. संघीय नोकऱ्या बहुतांशी नागरिकांसाठीच असतात आणि नागरिकत्वासाठी सद्वर्तन सिद्ध करावे लागते. राज्याच्या कायद्याने वैध असलेले गांजासेवन किंवा गांजाच्या दुकानातील नोकरीसुद्धा त्या सद्वर्तनास बाधक ठरू शकते, असे तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले.