बातम्यांचा रतीब

आपल्या केंद्रात सकाळच्या बातम्या जमवायच्या म्हणजे आमच्यातल्या एकीला कॉम्प्युटरपुढे तासभर बसावं लागायचं. हवामानाची वेबसाइट उघड, वर्तमानपत्राची उघड, बंद कर, पुढची उघड. बऱ्याचदा नवीन काही नसायचंच. म्हणून या पावसाळ्यात आम्ही ‘फीड’ लावून पाहिली. लावता लावता तिचा इतिहासही कळला, तोच आज सांगतो.

फीड म्हणजे रतीब समजा. वेबसाइट आपल्या नव्या मजकुराची साधी यादी ठेवते: मथळा, तारीख, पत्ता. आपला कॉम्प्युटर ठरावीक वेळाने त्या यादीत डोकावतो आणि नवं तेवढं घेऊन येतो. उपमा अगदी नेमकी नाही म्हणा. इथे दूधवाली दारात येत नाही, आपलंच पोर किटली घेऊन गोठ्यावर जातं. पण कोणत्या गोठ्यावर जायचं, ते आपण ठरवतो.

ही सोय १९९९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत, नेटस्केप कंपनीत सुरू झाली. ती करणाऱ्या दोघांपैकी एक होते आपल्या आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले रामनाथन गुहा, दुसरे डॅन लिबी. नाव ठेवलं आरएसएस. पुढे नेटस्केपने त्यातून अंग काढून घेतलं आणि मागे राहिलेल्यांत वाद पेटला. काही म्हणाले, रचना पक्की शास्त्रशुद्ध हवी. डेव्ह वायनर म्हणाले, साधी हवी, कुणालाही जमेल अशी. २००० च्या डिसेंबरात पहिल्या गटाने आपली आवृत्ती काढली, तेव्हा ती रचणाऱ्यांत ॲरन स्वार्ट्झ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता! वायनर यांची आवृत्ती २००२ मध्ये आली. भांडण असं की आरएसएस या तीन अक्षरांचा अर्थसुद्धा दोन्हीकडे वेगळा.

आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. वायनर यांनी त्या यादीत आवाजाची फाइल जोडायची सोय केली. त्यातून २००४ च्या सुमारास पॉडकास्ट आले. आजही बहुतेक पॉडकास्ट याच यादीवरून मोबाइलवर पोचतात. म्हणजे रेडिओच्या आपल्यासारख्या बायांची ही नात्यातलीच वस्तू.

मग ती मागे का पडली? २००५ मध्ये गूगलने ‘रीडर’ काढलं. फुकट आणि सोयीचं, त्यामुळे असंख्य लोक त्यावरच विसंबले. १ जुलै २०१३ ला कंपनीने ते बंद केलं. आपली यादी उचलून दुसरीकडे नेता येत होती, काहींनी नेलीही. पण तोवर बरेचजण फेसबुक-ट्विटरकडे वळले होते. तिथे आधी काय दिसावं, हे मुख्यतः कंपनीचं गणित ठरवतं.

त्याची झळ आम्हाला माहीत आहे. गेल्या वर्षी एका योजनेच्या अर्जाची तारीख मोबाइलवरच्या ग्रुपात आली होती. फुलांच्या आणि ‘शुभ सकाळ’च्या ढिगाखाली ती गेली. आम्ही पाहिली तेव्हा मुदत संपून तीन दिवस झाले होते. आमच्या सात जणींचे अर्ज राहिले.

म्हणून हा खटाटोप. आम्ही अकरा वेबसाइटी निवडल्या. सहा लगेच जुळल्या, आता त्यांचं नवं ते एकाच पानावर, तारखेच्या क्रमाने येतं. तासाचं काम पंधरा मिनिटांवर आलं. उरलेल्या पाचांना फीडच सापडली नाही. आणि नेमकी त्या योजनेच्या तारखा लावणारी वेबसाइट या पाचांत आहे. तिच्यासाठी आम्ही पाळ्या लावल्या आहेत. रोज दहा वाजता एकजण ती उघडते आणि भिंतीवरच्या वहीत सही करते.