फिक्स्ड गिअर सायकल : वेग घेण्याआधी वेग उतरवायला शिका

उतार लागला की पेडल मारणे थांबवायचे आणि मागच्या चाकाची टिकटिक ऐकत निवांत पुढे जायचे, हा सायकलस्वाराचा हक्काचा विसावा असतो. फिक्स्ड गिअर सायकलवर तो मिळत नाही. या सायकलच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील नसते. चेन ज्या दातेरी चक्रावर फिरते, ते हबवर घट्ट बसवलेले असते. त्यामुळे चाक फिरत आहे तोवर पेडल फिरत राहते आणि पेडलवरचे पायही. लहान मुलांच्या तीनचाकीचे पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असते. उतारावर ते भराभर फिरू लागले, की मूल पाय उचलून घेते. मोठ्यांच्या फिक्स्ड गिअरवर तसे पाय उचलण्याची सोय नाही, म्हणूनच ती चालवणे नव्याने शिकावे लागते.

जुनीच रचना

ही रचना नवी नाही. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडमध्ये तयार केलेली 'रोव्हर' ही आजच्या सायकलची पूर्वज मानली जाते. तिलाही फ्रीव्हील नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील रुळले आणि रस्त्यावरची फिक्स्ड गिअर मागे पडत गेली. व्हेलोड्रोमच्या धावपट्टीवर मात्र ती टिकली. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात किंवा दिल्लीत इंदिरा गांधी संकुलात असलेल्या अशा वर्तुळाकार, कडेला उंचावलेल्या धावपट्टीवरील शर्यतींत सायकलला ब्रेकही नसतो. सगळे स्पर्धक एकाच दिशेने धावत असतात. एकाने अचानक ब्रेक दाबला तर मागचे त्याच्यावर आदळतील. शर्यत संपल्यावर ते धावपट्टीच्या उंच कडेकडे चढत, काही फेऱ्यांत वेग उतरवतात.

पुढे न्यूयॉर्कमधील सायकलवरून टपाल पोहोचवणाऱ्या कुरिअरनी ही सायकल शहरात आणली. देखभाल कमी आणि वजन हलके, हे त्यांचे कारण होते. २००० नंतरच्या दशकात लंडन, सॅन फ्रान्सिस्को, टोकियो येथील तरुणांत तिची फॅशन आली आणि 'प्रीमियम रश' (२०१२) या चित्रपटाने बिनब्रेकच्या स्वाराला नायक केले. धावपट्टीवरची सायकल रस्त्यावर आली; पण रस्त्यावर समोरून रिक्षा येते आणि बाजूने पादचारी उतरतो.

आधी सायकल तपासा

मागचे चक्र हबच्या आट्यांवर बसते. पायांनी उलटा जोर दिला की ते सैल होऊ पाहते. ते रोखण्यासाठी त्याच्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग आवळलेली असते. ती नसेल किंवा सैल असेल, तर पायांनी वेग उतरवता येईल या भरवशावर राहू नये. चेन फार सैल असल्यास निसटू शकते, फार ताणलेली असल्यास पेडल जड फिरते. मध्यावर सुमारे एक सेंटिमीटर झोळ असावा. सैल पायजमा, ओढणी आणि बुटाची नाडी आवरून घ्यावी. चेनमध्ये काही अडकले तर ती आपोआप थांबत नाही. याच कारणाने चाक फिरत असताना चेन पुसणेही धोक्याचे. बोट कायमचे गमावण्याची वेळ येऊ शकते.

गिअरचा हिशेब सोपा आहे. पुढे ४४ आणि मागे १६ दात असतील, तर पेडलच्या एका फेरीत चाक पावणेतीन वेळा फिरते आणि सायकल सुमारे पावणेसहा मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्यास वेग ताशी सुमारे २१ किलोमीटर होतो. उतारावर हाच वेग ४० वर गेला, तर पायांना मिनिटाला सुमारे ११५ फेऱ्या घालाव्या लागतात. नवशिक्याने उताराचा रस्ता का टाळावा, हे या आकड्यांतच आहे.

पहिला धडा

सुरुवात मोकळ्या, सपाट मैदानावर करावी. एक पाय पेडलवर ठेवून सायकल ढकलत टांग मारण्याची आपली पद्धत येथे उपयोगाची नाही. पायाखालचे पेडलच फिरू लागते. मागचे चाक किंचित उचलून एक पेडल पुढे, थोडे वर आणावे, सीटवर बसावे आणि मग निघावे. पहिल्या काही मिनिटांतच पाय सवयीने थांबायला जातात. त्या क्षणी पेडल पायाला खालून धक्का देते आणि स्वार सीटवरून उचलला जातो. घाबरून पाय ताठ करू नयेत; ते पेडलबरोबर फिरू द्यावेत. वळणावरही पेडल फिरतच असल्याने आतल्या बाजूचे पेडल जमिनीला लागू शकते. त्यामुळे वेग वळणाआधीच कमी करावा.

पायांनी वेग उतरवणे

वेग कमी करण्यासाठी मागच्या बाजूने वर येणाऱ्या पेडलवर पायाचा दाब द्यायचा असतो. एकदम अडवायचे नाही. प्रत्येक फेरीत थोडा थोडा विरोध करायचा. पाय टो-क्लिप व पट्ट्यांत बसवलेले असतील, तर त्याच वेळी दुसऱ्या पायाने पेडल वर खेचता येते. गुडघ्यांवर ताण जाणवला, तर गिअर जड आहे किंवा घाई होत आहे, असे समजावे.

अनुभवी स्वार शरीराचा भार पुढे झुकवून मागचे चाक हलके करतात आणि पाय रोखून ते घसरवतात. हे दिसायला आकर्षक असते; परंतु घसरणाऱ्या टायरची रस्त्यावरची पकड कमी होते. टायरही झिजतो. ४८ आणि १६ दातांच्या जोडीत पेडलच्या एका फेरीत चाकाच्या बरोबर तीन फेऱ्या होतात. त्यामुळे पाय एकाच स्थितीत रोखल्यास दर वेळी टायरचा तोच भाग घासतो. ४४ आणि १६ च्या जोडीत ही झीज चार ठिकाणी विभागली जाते.

पुढचा ब्रेक हवाच

वेग कमी होताना भार पुढच्या चाकाकडे सरकतो आणि मागचे चाक हलके होते. पायांचा जोर फक्त मागच्या चाकावर चालतो. म्हणून पाय कितीही तयार असले, तरी केवळ मागच्या चाकाने थांबायला पुढच्या ब्रेकच्या साधारण दुप्पट अंतर लागते. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांत फिक्स्ड गिअरच्या मागच्या चाकाला वेगळ्या ब्रेकची सक्ती नाही. पुढच्या चाकाला मात्र ब्रेक बंधनकारक आहे. २०१६ मध्ये लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा मृत्यू झाला. सायकलस्वार सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला. पण १८६१ च्या एका कायद्याखाली २०१७ मध्ये त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली.

शिकणाऱ्याने मैदानावर खडूने रेषा आखावी. पायांनी वेग उतरवत आणि शेवटी पुढचा ब्रेक दाबत त्या रेषेवर थांबण्याचा सराव करावा. पुढचे चाक दर वेळी रेषेच्या अलीकडे थांबू लागले, की रस्त्यावर यायला हरकत नाही. तोवर मैदानच बरे.