बोट पाण्यात उतरली म्हणजे तयार झाली का?

१९६८ साली लंडनच्या 'संडे टाइम्स'ने एक शर्यत जाहीर केली. शिडाच्या बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करायची. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं. निघायची मुदत १ जून ते ३१ ऑक्टोबर. नऊ जण निघाले आणि एकच जण शर्यत पूर्ण करून परतला. त्याची बोट मुंबईत बांधलेली होती.

तिचं नाव 'सुहैली'. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा मर्चंट नेव्हीतला तरुण इंग्रज अधिकारी तेव्हा मुंबईत नोकरीला होता. त्याने मागवला होता एक आराखडा, टपालाने आला दुसराच. नव्या आराखड्याची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून त्याने आलेल्यावरच काम सुरू केलं. कुलाब्याच्या कारखान्यात आपल्याकडच्या सुतारांनी वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता अशा हत्यारांनी ही बत्तीस फुटी सागवानी बोट घडवली. डिसेंबर १९६४मध्ये नारळ फोडून ती पाण्यात सोडली.

पण पाण्यात सोडली म्हणून ती लगेच जगप्रदक्षिणेला निघाली नाही. १९६५च्या अखेरीस रॉबिन, त्याचा भाऊ आणि एक मित्र तिला घेऊन मुंबईहून निघाले. दक्षिण आफ्रिकेत पैसे संपले, तेव्हा तिथे नोकऱ्या केल्या. मग केपटाउनहून थेट लंडन, ७४ दिवसांत. या प्रवासात रॉबिनला एक गोष्ट उमगली. शिडं नीट जुळवली की सुकाणूला हात न लावताही सुहैली आपली दिशा धरून राहते. ही माहिती आराखड्यात लिहिलेली नव्हती.

शर्यतीसाठी त्याला खरं तर सुहैली नको होती. मोठी, नवी, पोलादी बोट हवी होती. तिच्यासाठी पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून १४ जून १९६८ला तो इंग्लंडच्या फालमथ बंदरातून जुन्या, संथ सुहैलीतून निघाला.

पुढच्या दहा महिन्यांत बोटीवरचं बहुतेक सगळं बिघडलं. अटलांटिकमध्येच तळाजवळच्या फळ्यांच्या फटींतून पाणी येऊ लागलं. त्याने पाण्यात बुडी मारून फटीत कापूस ठासला, वर कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी ठोकली. मधेच शार्क आला, त्याला बंदुकीने मारावं लागलं. दक्षिणेच्या समुद्रात लाटेने बोट आडवी केली, केबिनचं छप्पर सरकलं, टाकीतलं पिण्याचं पाणी खराब झालं. रेडिओ बंद पडला.

बॅटरी चार्ज करणाऱ्या इंजिनची दुरुस्ती मला सगळ्यात आवडते. ठिणगीची फट बरोबर लावायची होती आणि ती मोजायची पट्टी सापडत नव्हती. त्याने वहीची पानं मोजली. २०० पानांची जाडी एक इंच, म्हणजे एक पान एका इंचाच्या पाच हजारांश. मग हवी तितकी पानं फटीत धरली आणि काम झालं.

ऑस्ट्रेलियाजवळ वाऱ्यावर चालणारं स्वयंसुकाणू मोडलं. जवळपास निम्मी पृथ्वी बाकी होती. इथे ७४ दिवसांच्या त्या जुन्या प्रवासात शिकलेली गोष्ट उपयोगाला आली. शिडं जुळवून, सुकाणू बांधून, मधे झोप काढत तो पुढे गेला. २२ एप्रिल १९६९ला सुहैली फालमथला परतली.

याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट होता. इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, स्वतःची छोटी कंपनी असलेला. आज तो स्टार्टअप फाउंडर म्हणून मिरवला असता. त्याची 'टिनमथ इलेक्ट्रॉन' ही तीन सांगाड्यांची, वेगवान, कोरी करकरीत बोट. ती उलटू लागली तर सेन्सरला कळेल, डोलकाठीच्या टोकावरचा फुगा फुगेल, सगळ्यावर कॉम्प्युटर नजर ठेवेल, अशी त्याची योजना होती. या कल्पना खुळचट नव्हत्या. पण बोट पाण्यात उतरली सप्टेंबर १९६८च्या शेवटच्या आठवड्यात आणि निघायची शेवटची तारीख होती ३१ ऑक्टोबर. बांधणीच्या जागेहून टिनमथपर्यंतचा प्रवास तीन दिवसांचा धरला होता, त्याला तेरा दिवस लागले. बोटीशी त्याची ओळख झाली ती एवढीच.

शेवटच्या दिवशी तो निघाला, तेव्हा बोटभर रंगीत वायरी फिरवलेल्या होत्या. त्या ज्या कॉम्प्युटरला जोडायच्या, तो बनलेलाच नव्हता. सुट्या भागांचा ढीग धक्क्यावरच राहिला. काही दिवसांतच बोटीत पाणी शिरू लागलं आणि ते उपसायला लागणारा पाइपही बोटीवर नव्हता. दक्षिणेच्या समुद्रात ही बोट टिकणार नाही, हे त्याला कळलं. पण परत फिरावं तर कंपनी आणि घर दोन्ही जाणार. मग तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटी ठिकाणं कळवत राहिला. जुलै १९६९मध्ये त्याची बोट सापडली, तेव्हा तिच्यावर कुणी नव्हतं. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

याचा अर्थ जुनं लाकूड चांगलं आणि इलेक्ट्रॉनिक्स वाईट, असा लावणं सोपं आहे. पण सुहैलीवरही यंत्रं होती आणि तीही बंद पडली. फरक होता तो वेळेचा. सुहैली निघाली तेव्हा ती पाण्यात साडेतीन वर्षं काढलेली बोट होती, इलेक्ट्रॉनला पाच आठवडेच मिळाले होते. आमच्या धंद्यात रिलीजची तारीख आधी ठरते आणि बाकीचं नंतर बघू म्हणतात. समुद्रात त्या 'नंतर'ला जागाच नसते.

हा धडा पुढे भारतातही पोचला. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचा ध्यास. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे त्यासाठी पुढे आले आणि शिकायला गेले ते नॉक्स-जॉन्स्टनकडेच. २००६मध्ये तो दुसऱ्या एका जगप्रदक्षिणेच्या शर्यतीची तयारी करत होता, त्या कामात दोंदे हाताखाली राबले. मग गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत छप्पन फुटी 'म्हादेई' बांधली गेली. दांडेकरांसाठीही अशी बोट पहिलीच होती. बांधकाम चालू असताना दोंदे गोदीतच असत. कुठली वायर कुठून गेलीय, कुठला बोल्ट कशाला धरतोय, हे त्यांनी होताना पाहिलं.

फेब्रुवारी २००९मध्ये बोट नौदलाला मिळाली. त्यानंतर मॉरिशसची फेरी झाली. जाताना अभिलाष टॉमी सोबत होते, येताना दोंदे एकटे. १९ ऑगस्टला ते मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१०मध्ये परतले. त्या मोहिमेत किनाऱ्यावरून बोटीची काळजी वाहणारे टॉमी २०१२-१३मध्ये त्याच म्हादेईतून न थांबता एकट्याने जगाला फेरी मारून आले.

२०१७मध्ये त्याच गोदीतून त्याच आराखड्याची 'तारिणी' बाहेर पडली. तिच्यावर जाणाऱ्या नौदलाच्या सहा जणी, वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली, नव्या बोटीची वाट बघत बसल्या नव्हत्या. त्या आधीच म्हादेईवर समुद्र शिकत होत्या. फेब्रुवारीत तारिणी हातात आली आणि सप्टेंबरमध्ये त्या गोव्याहून निघाल्या. मे २०१८मध्ये सहाही जणी परत आल्या.